फियाट धूर का सोडेना?

"अजून एकदा," नाना म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली. फियाटचं इंजिन घुर्र घुर्र करत फिरत राहिलं, पण गाडी काही चालू होईना.

"बॅटरी संपेल, नाना," निलेशकाका घाम पुसत म्हणाला. "मेकॅनिकने सगळं पाहिलंय. स्पार्क आहे, पेट्रोल येतंय. गाडी म्हातारी झालीय. दुपारी भंगारवाला येतोय, देऊन टाकू."

नानांनी स्टीअरिंगवरून हात फिरवला. घरातलं प्रत्येक बाळ त्यांनी याच गाडीतून दवाखान्यातून घरी आणलं होतं.

मुंबईत नाहूरची त्यांची सोसायटी नव्याने बांधायची म्हणून रिकामी होत होती. नानांची नात गार्गी आणि तिचा चुलतभाऊ, निलेशकाकाचा मुलगा मिहिर यांची मे महिन्याची सुट्टी खोकी भरण्यातच चालली होती. नानांच्या मित्राने दिंडोशीला गाडीसाठी जागा दिली होती, पण तिथे ती आजच पोचायला हवी होती.

दमलेली गार्गी गाडीमागे फतकल मारून बसली होती. सायलेन्सरचं तोंड तिच्या पायांपाशीच होतं.

"मिहिर, एवढा सेल्फ मारला, पण माझ्या पायांना जरासुद्धा हवा लागली नाही."

"मग?" मिहिरने जांभई दिली.

"इंजिन हवा आत घेतं, तर बाहेर सोडायला नको?"

तिने काकाला सांगून पाहिलं. त्याने फोनमधून मानही वर केली नाही. "वर जा आणि भांडी बांधा."

मिहिर आता नीट जागा झाला. "बाबा, तुझी स्कूटर टेम्पोच्या वाटेत आहे," तो साळसूदपणे म्हणाला.

काका कुरकुरत उठला. त्याने स्कूटर चालू करताच गार्गीने तिच्या सायलेन्सरमागे वर्तमानपत्राची पट्टी धरली. पट्टी फडफडली.

"नाना, आमच्यासाठी एकदाच," मिहिर खिडकीतून म्हणाला.

नानांनी किल्ली फिरवली. फियाटमागे मात्र पट्टी तशीच लोंबकळत राहिली.

"आत काहीतरी अडकलंय," गार्गी म्हणाली.

मिहिरने कपड्यांच्या हँगरची तार सरळ करून टोकाला आकडा केला आणि ती सायलेन्सरमध्ये घातली. दोघं आळीपाळीने ओढत राहिले. हात काळे झाले, खांदे भरून आले. शेवटी काजळीने माखलेलं एक बनियन बाहेर आलं.

काकाने ते ओळखलं. "उंदीर शिरू नयेत म्हणून मीच कोंबलं होतं," तो हळूच म्हणाला. "साफ विसरलो."

आत साचलेलं पेट्रोल उडून जावं म्हणून नानांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर निघाला आणि गाडी चालू झाली. टाळ्या वाजवायचं त्राण कुणातच नव्हतं. काकाने भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आणि तो नानांशेजारी येऊन बसला.

दिंडोशीला जाताना लिंक रोडला लागेपर्यंत मागच्या सीटवर दोन्ही मुलं काळ्या हातांनीच झोपी गेली होती.

"उठवू का? पोरांनी निदान हात तरी धुवायचे होते," काका म्हणाला.

"झोपू दे," नाना म्हणाले. "आपण सगळे पुढून बघत बसलो. मागे जाऊन बघायचं त्यांनाच सुचलं."