फोनवरचा श्वास

"मॅडम, तुमच्या त्या आजोबांकडून शुक्रवारपर्यंत एक वाक्य काढून देता येईल का?" इन्स्पेक्टरने फोनवर विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "का?"

"त्यांची बायको गेली. काल दुपारी. जिन्याच्या पायथ्याशी पडलेली सापडली. घरात हे दोघंच. शुक्रवारपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर म्हाताऱ्याला मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात टाकतील. तिथून परत आलेला माणूस मी तरी पाहिला नाही."

ताईने फोन ठेवला. आजी गेल्या. आता रडू येईल असं वाटून ती थोडा वेळ थांबली. आलं नाही. कपात उरलेला गार चहा तिने पिऊन टाकला आणि पर्स उचलली.

मेंदूला झटका येऊन ज्यांची भाषा जाते ती माणसं पुन्हा कशी बोलू लागतात, याचा त्या प्रयोगशाळेत अभ्यास चाले. पेशंटांना बोलतं करण्याचं काम तिचं. लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत.

आजोबांनी अर्धं आयुष्य बाजारात लिलाव पुकारले होते. बोलणं असं, की माल विकला जाण्याआधी गिऱ्हाईक विकलं जाई. मग झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय अर्धेमुर्धे गेले, भाषा मात्र पुरती गेली. उरलं फक्त "बरं का". तहान लागली तरी बरं का, राग आला तरी बरं का. ताई चित्रं दाखवी. कंगवा? "बरं का." जिना? "बरं का." चुकलं हे त्यांना कळे, मग कपाळावर हात मारून पुन्हा "बरं का!" समोरच्याचं बोलणं मात्र सगळं समजे. आणि ताईने "एक वार" म्हटलं की "दोन वार, तीन वार!" आपसूक बाहेर पडे. मग दोघंही हसत.

आजींनी त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा बिनतारी फोन आणला होता. आकडे त्यांना जुळवता येत नसत, म्हणून वरच्या बटणांवर फोटो चिकटवलेले. एक आजीचा, एक मुलाचा, एक ताईचा. रोज सकाळी प्रयोगशाळेतला फोन वाजे.

"बरं का?"

"बरं का, आजोबा," ताई म्हणे, आणि तिचा दिवस सुरू होई.

आज तो वाजला नव्हता.

*

घर दुमजली होतं. झटक्यानंतर आजोबांचा पलंग खालच्या खोलीत आणलेला. पलंगाजवळ आरसा, साबणाची वाटी, घडी घातलेला टॉवेल. आजी रोज तिथेच त्यांची दाढी करून देत. कोपऱ्यातून लाकडी जिना वर जात होता. फोनची बैठक पलीकडे स्वयंपाकघरात.

आजोबा पलंगावर बसले होते. दाढी वाढलेली. ताईला पाहताच त्यांनी तिचा हात धरला. "बरं का," ते म्हणाले. "बरं का. बरं का." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताईने हात धरू दिला. आपलाच हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो तिला वाटत होता.

"आमचे लोक आले तेव्हा हे असेच बसले होते," इन्स्पेक्टर म्हणाला. "फोन मांडीवर. मनगटावर ओरखडे."

"फोन कुणाला लावला होता?"

"मदत केंद्राला. शेजारणीने त्याआधी यांना 'बरं का, बरं का' करून किंचाळताना ऐकलंय. आणि वरच्या पायरीच्या कडेला हा सापडला." त्याने पिशवीतला दाढीचा ब्रश दाखवला. "हे जिना चढतात?"

"नाही."

"मग ब्रश एकटाच चढला? यांनीच फेकला असणार. चिडले की वस्तू फेकतात असं मुलगा म्हणतो. तो फेकला, ती वरून दचकून पडली. नाहीतर खाली ओढली. म्हाताऱ्याला फासावर द्यायची मला हौस नाही हो, पण दुसरं दिसत नाही."

मुलगा स्वयंपाकघरात उभा होता. गावात त्याचं चष्म्यांचं दुकान. बायको-मुलं नाहीत. शर्टाची बाही पुन्हा पुन्हा खाली ओढत होता.

"काल दुपारी कुठे होतात?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"दुकानात. दुपारी शटर खाली ओढून मागे काचा घासत बसतो."

"कुणी पाहिलं?"

"शटर खाली असल्यावर कोण पाहणार?"

"आईवडिलांचं कसं चाललं होतं?"

"आई पार पिचून गेली होती. बाबांना उचला, भरवा, त्यांची बोलणी खा. बोलणी म्हणजे काय, ते बरं का. मी म्हणत होतो, यांना एखाद्या संस्थेत ठेवू. ती ऐकेना." त्याने फोनच्या बैठकीकडे पाहिलं. "शेवटी बाबांनी फोन तरी लावला. पण उपयोग काय? एक अक्षर बोलता आलं नाही त्यांना. नुसता श्वास."

बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "बरं का."

ताईला काहीतरी खटकलं. काय ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

*

"ऐका," इन्स्पेक्टर म्हणाला. मदत केंद्राचं रेकॉर्डिंग घेऊन तो प्रयोगशाळेत आला होता.

बाई विचारत होती, कोण बोलतंय, काय झालंय, पत्ता सांगा. उत्तरादाखल श्वास. भराभर, अगदी फोनला लागून. मग काहीतरी सरकवल्याचा आवाज, आणि नुसती खरखर.

"हे आजोबा नाहीत," ताई म्हणाली.

"कशावरून?"

"ते गप्प आहेत यावरून."

"मॅडम, त्यांना बोलता येत नाही!"

"म्हणूनच. भाषा गेलेला माणूस गप्प बसतो असं लोकांना वाटतं. तो उलट जास्त बोलतो. धडपडतो, चुकीचं बोलतो, शिव्या देतो, आकडे मोजतो. आजोबा झोपेतसुद्धा बरं का म्हणतात. बायको खाली पडलीय, फोनवर बाई पत्ता विचारतेय, आणि ते तोंड मिटून नुसता श्वास घेतील? जो इतका गप्प राहिला, त्याला बोलता येत होतं."

"धक्का बसला असेल."

ताईने कानाला हेडफोन लावले. आजोबांचा आवाज ती महिनोन्महिने रोज ऐकत आली होती. तिने जवळचा श्वास दाबला, मागचा आवाज चढवला, तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. मग हेडफोन काढून इन्स्पेक्टरच्या हातात दिले.

श्वासाच्या मागे, लांब दुसऱ्या खोलीतून, कुणीतरी ओरडत होतं. बरं का! बरं का! बरं का!

"आम्हाला वाटलं, रस्त्यावरचा गोंगाट," इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. "म्हणजे घरात तिसरा माणूस होता."

"आजोबांनाच विचारू. हो-नाही ते मानेने नीट सांगतात."

आजोबांना आणलं. समोर बसून इन्स्पेक्टरने विचारलं, "तुम्ही आजींना ढकललंत?"

"बरं का! बरं का!" मान जोरात हलली. नाही.

"ब्रश फेकलात?"

"बरं का!" नाही.

"घरात आणखी कुणी होतं?"

आजोबा गप्प झाले.

"तुमचा मुलगा होता?"

ओठ घट्ट मिटलेले. मान हलली नाही. इतक्या महिन्यांत ताईने ही शांतता कधी ऐकली नव्हती. मग आजोबांनी डावा हात टेबलावर पुढे केला. त्याच हाताने लुळा उजवा उचलला आणि त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही मनगटं इन्स्पेक्टरसमोर.

"ही कबुली झाली, मॅडम," इन्स्पेक्टर म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली. "मुलाला बोलवा."

*

शुक्रवारी सकाळी मुलगा आला. आजोबा नेहमीच्या खुर्चीवर होते, समोर चित्रांचा गठ्ठा.

"तुम्हाला फोनबद्दल कुणी काय सांगितलं होतं?" ताईने विचारलं.

"साहेबांनी. फोन आला होता म्हणून."

"एवढंच," इन्स्पेक्टर म्हणाला. "त्यात काय ऐकू आलं, हे मी बोललो नाही."

"पण तुम्हाला ते ठाऊक होतं," ताई म्हणाली. "एक अक्षर नाही, नुसता श्वास. तुम्ही घरचेच. बाबांच्या हातात फोन आला की काय होतं, तुमच्याइतकं कुणाला माहीत? तुम्ही म्हणायला हवं होतंत, बिचारे नुसतं बरं का करत राहिले असतील. तुम्ही श्वास म्हणालात, कारण तो तुमचा होता."

मुलाने शर्टाची बाही पुन्हा खाली ओढली.

"आजोबांना आकडे जुळवता येत नाहीत. मदत हवी असती तर त्यांनी फोटोचं बटण दाबलं असतं, माझं किंवा तुमचं. केंद्राचा नंबर आकडे कळणाऱ्यानेच लावला. आणि ब्रश. त्याची जागा खाली आरशाजवळ. तो जिन्यावर एकाच रीतीने जाईल, बॅगेतून. तुम्ही बाबांची बॅग भरलीत, त्यांना संस्थेत न्यायला. आजी ती उचलून वर निघाल्या, लपवून ठेवायला. जिन्यावर ओढाताण झाली. बॅग उघडली, आजी पडल्या. तुम्ही कपडे गोळा करून जागच्या जागी ठेवलेत, ब्रश तेवढा राहिला. बाबा खालून ओरडत होते, सोड तिला. त्यांच्या भाषेत."

"बरं का!" आजोबा एकदम ओरडले. डाव्या हाताने टेबल बडवू लागले. "बरं का! बरं का!"

त्यांचे सगळे सूर ताईला पाठ होते. हा त्यांत नव्हता, तरीही तो तिला कळला. ते तिला थांब म्हणत होते. ती थांबली नाही.

"यांनी तुमचा गुन्हा पोटात घातला," ती म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ. इन्स्पेक्टरांनी तुमचं नाव घेतलं, तेव्हा झटक्यानंतर पहिल्यांदा हे गप्प बसले. जी भाषा उरली होती ती तुमच्यासाठी गिळली. मग बेड्यांसाठी हात पुढे केले."

मुलाने बाही वर सरकवली. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे होते.

"मी फोन लावला," तो म्हणाला. "आई वाचेल म्हणून. ती बाई विचारत होती, कोण बोलतंय. मला बोलायचं होतं हो. शब्दच फुटेना. बाबा सरपटत आईकडे निघाले होते, त्यांना मी धरलं, त्यांनी बोचकारलं. त्यांना उचलून पलंगावर बसवलं. आई हलत नव्हती. मग वाटलं, बोलता न येणारा माणूस घरात आहेच." तो वडिलांकडे वळला. "बाबा, काहीतरी म्हणा ना."

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. टेबल बडवणारा हात थांबला होता. त्यांनी काही म्हटलं नाही.

इन्स्पेक्टर मुलाला घेऊन गेला. दारातून तो ताईला म्हणाला, "म्हातारा सुटला, मॅडम." तिने मान डोलावली. सुटून जायचं कुठे, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

*

आजोबांना प्रयोगशाळेमागच्या उपचार वॉर्डात जागा मिळाली. फोटोंचा फोन उशाशी ठेवला. तो कधी वाजला नाही. आजोबा आता बरं का म्हणत नसत. काहीच म्हणत नसत. ताई रोज चित्रं दाखवी, ते पाहत, ती पुढचं लावी. "एक वार" म्हणून पाहावं असं तिच्या कैकदा मनात आलं, पण जीभ उचलली नाही.

ताईने आजोबांना वाचवलं असं सगळे म्हणत. आजोबांनी मात्र एकच गोष्ट बोलायची नाही असं ठरवलं होतं, आणि तीच तिने त्यांच्या वतीने बोलून टाकली होती. हे तिला ठाऊक होतं. त्यांनाही होतं.

एका सकाळी गठ्ठ्यात जिन्याचं चित्र वर आलं. ते काढून टाकावंसं तिला वाटलं, पण अभ्यास चालू असताना चित्रांचा क्रम बदलायचा नाही, हा नियम होता. तिने चित्र समोर ठेवलं.

आजोबा खूप वेळ पाहत राहिले. ओठ हलले. जबडा धडपडला.

"जि..." ते म्हणाले. "जिना."

झटक्यानंतरचा त्यांचा पहिला नेमका शब्द. बरोबर उत्तर आलं की छान म्हणायचं, हाही नियमच होता.

"छान," ताई म्हणाली.

आजोबा पुढच्या चित्राची वाट पाहत बसले.