वाऱ्याकडचा कोपरा

शिवांगी शाळेच्या गच्चीवर गुडघ्यांवर बसून हवा मोजायच्या यंत्रातला कागद चिमट्यानं काढत होती, तेवढ्यात जिन्यातून कुणीतरी वर आलं.

"हा कागद असा मळकट पिवळा कशानं झाला हो?"

"तुरीच्या फोलपटानं," मान वर न करताच ती म्हणाली. "ती शेजारची डाळमिल दिसतेय ना? सगळी धूळ मोकळी सोडलीय. मालक झोपलाय बहुतेक."

"झोपला न्हाई... इथं उभा हाय."

तिनं वर पाहिलं. तिशीच्या आतला, बाह्या दुमडलेला, भुवयांवर बारीक भुसा. तिला हसू आलं, ते तिनं चटकन गिळलं. त्याचं नाव हरिओम. मुलांच्या डब्यांत धूळ पडते म्हणून मुख्याध्यापिका सुमनबाईंनी त्याला बोलावलं होतं, आणि खरं काय ते पाहायला तो वर आला होता.

शिवांगी लातूरजवळच्या मुरुडची, शेतकऱ्याच्या घरातली. लातुरात प्रदूषण मंडळाच्या कामाला लागून तिला दोन वर्षं झाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्या गच्चीवर यायची. आता हरिओमही यायला लागला... चहाचा थर्मास घेऊन.

"मिल सोडून इथं काय करताय?"

"हवा खायला आलो."

"इथली? डॉक्टरांना विचारून या आधी."

तो मोठ्यानं हसायचा. पण विचारायचाही – मर्यादा किती, डोळ्यांना न दिसणारे कण छातीत कसे जातात. ती सांगायची, आणि तो इतकं मन लावून ऐकायचा की बोलता बोलता तीच अडखळायची. वाऱ्यानं तिची ओढणी उडाली की तो घाईनं नजर दुसरीकडं न्यायचा. त्याचं ते न पाहणं तिला फार आवडायचं.

मोजणी संपत आली. आकडे मर्यादेच्या दुप्पट होते. नवी तूर बाजारात उतरायला लागली होती. आता मंडळाच्या नोटिशीनं मिल बंद पडली तर हंगामच हातचा जाणार.

"एक विचारू?" त्या शुक्रवारी हरिओम खाली पाहत म्हणाला. "यंत्र तेवढं पलीकडच्या कोपऱ्यात ठेवलं तर... आमचा वारा तिकडं जात न्हाई. एकच दिवस."

शिवांगीच्या हातातला चहा तसाच राहिला. खाली मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं पटांगणात आलीच नाहीत; खिडक्या लावून वर्गातच डबे उघडत होती.

"म्हणजे एवढे दिवस याच्यासाठी येत होता?"

"न्हाई! तसं न्हाई, शिवांगी—"

यंत्र जागच्या जागी ठेवून ती जिना उतरून गेली. तिनं खरे आकडे लिहिले. खाली वरिष्ठांसाठी आणखी एक ओळ लिहिली – मिलमालकाशी माझी ओळख आहे, पुढची मोजणी दुसऱ्यानं करावी. 'ओळख' लिहिताना पेन थबकलं. तो शब्द फार तोकडा होता.

धूळ अडवणारी यंत्रणा बसेपर्यंत मिल बंद, अशी नोटीस निघाली. दीड महिना हरिओमचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. फक्त ऑफिसला जाताना रिक्षा मुद्दाम त्या रस्त्यानं घ्यायला सांगायची. फाटकाआड तो मजुरांबरोबर पत्र्याचे पाईप चढवताना दिसायचा.

मार्चमध्ये तिचा सहकारी आनंदराज नवी मोजणी करून ऑफिसात आला. "मर्यादेच्या आत," तो म्हणाला, आणि हळूच, "मालक खाली उभा आहे. तुला विचारतोय."

ती जिना धावतच उतरली. शेवटच्या चार पायऱ्या मात्र सावकाश.

"मी चुकलो," हरिओम म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी हो म्हणाल्या असत्या, तर हंगाम वाचला असता. पण मला पुन्हा तुमच्याकडं बघता आलं नसतं."

"मी नांदेडला बदली मागितलीय."

त्याचा चेहरा पडला. "एवढा राग आला माझा?"

"इथं राहिले तर तुमच्या मिलची फाईल कधीतरी माझ्याच टेबलावर येणार." ती थांबली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "आणि नवऱ्याच्या मिलची तपासणी बायकोनं केलेली... बरी दिसत नाही."

समजायला त्याला क्षणभर लागलं.

"नांदेड लई लांब हाय," तो कसाबसा म्हणाला.

"रविवारी यायचं तुम्ही."

"अन् बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मिल सांभाळायची. आनंदराज माझ्यापेक्षा कडक आहे," शिवांगी म्हणाली, आणि भर रस्त्यात तिनं त्याचा हात हातात घेतला.