नमुना क्रमांक दोन

परतूर ठाण्यात दुपारी पावणेदोनला फोन वाजला, तेव्हा फौजदार दैवशालाबाई खरात डब्याचं झाकण उघडत होत्या.

"मॅडम, धवलधारा जिनिंगमधून बोलून राह्यलो. प्रेसमध्ये माणूस गेला."

"गेला म्हणजे? आत पडला का मेला?"

"गाठीत गेला, मॅडम."

डबा तसाच टेबलावर राहिला.

धवलधारा जिनिंग वाटूर रस्त्यावर. फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि फाटकावर चांगला वीस फुटी फलक: 'कामगारांच्या कल्पनांना पाठबळ देणाऱ्या संस्थेत परीक्षक मंडळाचे हार्दिक स्वागत.' पुरस्कार ठरवणारे परीक्षक पुण्याहून यायचे होते, तीन वाजता. त्यांच्यासाठी मांडव होता, हार होते, पाण्याच्या बाटल्या होत्या. आत शेडमध्ये नोमान फिटरला पेटीतून बाहेर काढायचं काम चालू होतं.

प्रेस म्हणजे दीड पुरुष खोल लोखंडी पेटी. तिच्यात रुई भरायची, वरून दाब खाली यायचा, आणि खालून घट्ट गाठ बांधून निघायची. पेटीत काही अडकलं की माणसाला शिडीनं आत उतरावं लागे. नोमान जेवणाच्या सुट्टीत आत उतरला होता. दाबाला खाली यायला पंधरा सेकंद लागतात. रुईत रुतलेले पाय काढून शिडी चढायला त्याहून जास्त लागतात.

त्याची उजवी मूठ मिटलेली होती. डॉक्टरांनी एकेक बोट सोडवलं. आत पोलादी चावी होती.

"हीच ती," मालक काकासाहेब म्हणाले. पांढरे कपडे, हातात रुमाल. "स्वतःच बनवलं, त्यातच गेला बिचारा. बाई, पंचनामा जल्दी उरका. बाहेर शेतकरी उन्हात उभे हायेत."

"काय बनवलं होतं?"

उत्तर त्यांच्या पुतण्यानं दिलं. हा अंगद. पुण्याला शिकून आलेला, जिनिंगच्या 'कल्पना कक्षा'चा प्रमुख. पाहुण्यांसाठी घातलेला काळा कोट त्यानं अजून उतरवला नव्हता.

"सुरक्षा चावी, मॅडम. पेटीत उतरणाऱ्यानं पॅनलची चावी काढून सोबत न्यायची. चावी नसली की मशीन चालूच होत नाही. म्हणजे, होऊ नये. गरिबाचं जुगाड होतं, आम्ही प्रोत्साहन दिलं. आत वायर शॉर्ट झाली असणार, आणि मशीन आपोआप सुरू झालं. आता हे सगळंच काढून टाकतो आम्ही."

"तुम्ही कुठं होतात?"

"माझ्या कक्षात. हे होईपर्यंत आज शेडमध्ये मी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं."

तेवढ्यात एक बाई शेडच्या दारातून धावत आली. नोमानची बायको साजिया. ती रडत नव्हती. तिनं अंगदचं 'सगळंच काढून टाकतो' ऐकलं होतं.

"काढू नका," ती म्हणाली. "मॅडम, सहा महिने घासली त्यांनी ही चावी डोक्यात. कुलुपासोबत दोन आल्त्या. एक त्यांनी माझ्यासमोर ऐरणीवर ठेवून तोडली. म्हणले, दुसरी चावी असली की आतला माणूस मेला समजायचा. एकच पायजे, अन् ती आतल्याच्या हातात. ते असं खोटं काम करणारे न्हाईत. मला दुसरं काही नको. त्यांची चावी फसली न्हाई, एवढं तुम्ही सांगा."

दैवशालाबाईंना असल्या मागण्यांची सवय नव्हती. लोक भरपाई मागत, फाशी मागत. ही नवऱ्याच्या चावीची अब्रू मागत होती. त्या पॅनलकडे वळल्या.

त्यांनी वायरमन बोलावला. पेटी रिकामी करून घेतली आणि चावी न घालता हिरवं बटण दाबलं. मशीन गप्प. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा गप्प. मुठीतली चावी धुऊन, घालून फिरवली आणि बटण दाबलं. दाब घरघरत खाली आला. वायरमननं पॅनल उघडून पाहिलं. "शॉर्ट-बिर्ट काही न्हाई, मॅडम. काम एकदम बराबर हाये."

मग चावीच्या भोकावर बॅटरी मारून दैवशालाबाई वाकल्या. कडेला बारीक पिवळा कीस चमकत होता. त्यांनी तो कागदावर टिपून घेतला. पोलादी चावीचा कीस पिवळा कसा असेल?

प्रेस चालवणारा पुंजाराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. पन्नाशीचा माणूस. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच होत्या, कारण बटण दाबायचं काम त्याचं.

"कुठं होतास?"

"लिंबाखाली जेवत व्हतो. आठ जणं हायेत साक्षीला. मशीनचा आवाज आला तसा पळत गेल्तो."

"पॅनलपाशी कोण होतं?"

"कुणी न्हाई. मागचं दार सताड उघडं व्हतं."

"चावी?"

"भोक रिकामं व्हतं, मॅडम. अन् दाब खाली बसलेला. मी आईची शपथ घेतो."

"नोमान आज काही बोलला होता?"

पुंजारामनं काकासाहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "म्हणला, तीन वाजता परीक्षकांपुढं उभं राहून रजिस्टरचं सगळं सांगणार. काल त्यानं अंगदभाऊंनाबी तोंडावर सांगितलं. कसलं रजिस्टर ते मला काय ठावं?"

कल्पना कक्ष शेडपासून शंभर पावलांवर, दुहेरी दारांचा, एसीचा, कामगारांना मनाई असलेला. जिनिंगमध्ये रुईचा तंतू जिथं पोचत नाही अशी ही एकच जागा, असं अंगदनं अभिमानानं सांगितलं. भिंतीवर अकरा नियम सोनेरी अक्षरांत. चौथा नियम: 'नमुना क्रमांक दोन कक्षात जमा केल्याशिवाय कोणतीही कल्पना स्वीकारली जाणार नाही.'

"हे कशाला?"

"शिस्त, मॅडम. कल्पनेला पद्धत लागते. एक नमुना कामावर, एक इथं, पाहुण्यांना दाखवायला."

काचेच्या कपाटात मधोमध, पांढऱ्या मखमलीवर, लाल फितीत ओवलेली एक पितळी चावी होती. खाली चिठ्ठी: 'सुरक्षा चावी. नमुना क्र. २. कल्पना: नोमान फिटर.'

दैवशालाबाई चावीकडे बघतच राहिल्या. ज्या वस्तूचा सगळा जीव तिच्या एकटेपणात होता, तिचाही या शहाण्यांनी नियमाप्रमाणे जोड मागून घेतला होता.

"हे कपाट कोण उघडतं?"

"फक्त मी. नंबरचं कुलूप आहे आणि नंबर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे कल्पनांची चोरी होत नाही."

"शेवटचं कधी उघडलं?"

"नमुना ठेवला त्या दिवशी. चार महिने झाले."

"उघडा."

त्यांनी चिमट्यानं फीत उचलली. तिच्या खालच्या टोकाला रुईचे चार-पाच तंतू चिकटले होते, ताजे, पांढरेशुभ्र. त्या काही बोलल्या नाहीत. चावी, फीत, नोमानचा अर्ज आणि कल्पनांचं रजिस्टर, सगळं त्यांनी ताब्यात घेतलं. अंगदनं एकच विचारलं, "तीन वाजेपर्यंत परत मिळेल ना? परीक्षकांना दाखवायचं होतं."

परीक्षक आले, दोन मिनिटं शांत उभे राहिले, चहा घेतला आणि गेले.

त्या संध्याकाळी दैवशालाबाईंनी रजिस्टर वाचलं. दोनशे बारा कल्पना. तीन तर पुंजारामच्या नावावर, प्रत्येकीखाली अंगठा. त्यांनी त्याला बोलावलं.

"धूळ शोषणाऱ्या पंख्याची कल्पना तुझी?"

"माझी? मॅडम, मला घरी भाजी कोणती करायची ते विचारत न्हाईत."

"मग अंगठा?"

"अंगठा तर मागितला की देतो. अन् मला सही येती की बराबर."

नोमानचा अर्ज त्यांनी दोनदा वाचला. सुवाच्य मराठी अक्षर. वर लाल शाईत शेरा: 'नमुना क्र. २ जोडा. परत.' दुसरा शेरा तोच. तिसऱ्या खेपेला निळ्या शाईत: 'नमुना प्राप्त. स्वीकृत.'

परतुरात चाव्या कापायचं मशीन एकाकडेच होतं, बाजारातल्या पाशामियाँकडे. म्हाताऱ्यानं चष्मा लावून पितळी चावी पाहिली.

"मेरीच है. म्हंजे, मीच कापली. चार म्हैने झाले. एकदा लावून बघायला पायजे व्हती, घट्ट बसती नवी चावी, खरडती. पर कुलूप आणलंच नव्हतं, नुसती चावी आणल्ती, घडीभरासाठी."

"कुणी आणली होती?"

पाशामियाँनी नाव सांगितलं. दैवशालाबाईंनी पेन उघडलं, आणि वहीत न लिहिता पुन्हा बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यांनी कल्पना कक्षातच सगळ्यांना बसवलं. काकासाहेब, अंगद, पुंजाराम, दारात दोन हवालदार. साजियाला घरीच थांबायचा निरोप धाडला होता. ती तरीही आली.

"तुम्ही बाहेर बसा, ताई."

"त्यांचं नाव साफ होणार अन् मी बाहेर बसू?" साजिया भिंतीला टेकून उभी राहिली.

मग इलाज नव्हता.

"नोमानची चावी फसली नाही," दैवशालाबाई म्हणाल्या. "चावीविना मशीन सुरू होत नाही, हे आम्ही दहा वेळा पाहिलं. नोमानची चावी त्याच्या मुठीत होती. तरी मशीन चाललं. म्हणजे दुसरी चावी होती. पॅनलच्या भोकात पितळेचा कीस सापडला, आणि नोमानची चावी पोलादी. पितळी चावी एकच, ती या कपाटात."

"ती तर चार महिने काचेत आहे," अंगद म्हणाला.

"मग तिच्या फितीला रुई कुठून आली? या खोलीत तंतू येत नाही, हे तुमचंच सांगणं. फीत पॅनलला घासली आणि तिथली रुई घेऊन परत आली. कपाटाचा नंबर तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही, हेही तुमचंच. सगळे लिंबाखाली जेवत होते. तुम्ही मागच्या दारानं गेलात, चावी फिरवली, बटण दाबलं, चावी काढली आणि आल्या वाटेनं परत आलात. दोन मिनिटांचं काम."

"मी कशाला मारू? तो माझा सगळ्यात चांगला कामगार होता!"

"तेच तर. दोनशे बारा कल्पनांतली खरी एकच होती, त्याची. उरलेल्या दोनशे अकरा तुम्ही इथं एसीत बसून लिहिल्यात आणि खाली अंगठे घेतलेत. पुंजारामला सही येते, हेही तुम्हाला माहीत नव्हतं. इतकी तुमची कामगारांशी ओळख. नोमानला त्या रजिस्टरचं कळलं. तीन वाजता तो परीक्षकांना सांगणार होता. तुमचा पुरस्कार गेला असता, पुण्याची वाट बंद झाली असती."

काकासाहेबांनी पुतण्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुःखापेक्षा हिशेब जास्त होता. "अंगद, बोल काहीतरी."

अंगदच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्यानं सावकाश विचारलं, "आणि पितळी चावी आली कुठून, मॅडम? ते नाही सांगितलंत."

"कुणीतरी करून दिली. त्याचा इथं संबंध नाही."

"कुणीतरी?" तो हसला. कोपऱ्यात सापडलेला माणूस हाताला लागेल ते फेकून मारतो, तसं त्यानं हे वाक्य फेकलं. "नाव का गिळता? नोमाननं शेवटपर्यंत दुसरी चावी दिली नाही. अर्ज दोनदा परत गेला. तिसऱ्या वेळी ही त्याची बायको आली, या इथंच उभी होती. चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, साहेब, त्यांना सांगू नका, पण त्यांची कल्पना तेवढी पास करा."

हवालदारांनी अंगदला उठवलं, त्याला घेऊन ते बाहेर पडले. काकासाहेब मागोमाग गेले आणि दारातून वळून म्हणाले, "बाई, प्रेसचं सील कधी निघंल?" दैवशालाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसे तेही गेले.

साजिया खाली बसली होती. बांगड्या उतरलेले रिकामे हात मांडीवर.

"खरं हाये ते," ती म्हणाली. "ते झोपले व्हते तवा मी खिशातून काढली, अन् सकाळी मीच बाजारात गेले. त्यांना सांगितलं, साहेबांनी नियम माफ केला. लई खूश झाले. सगळ्या गल्लीला सांगत फिरले की साहेबांना माझं म्हणणं पटलं, एकच चावी."

"ताई, मारलं त्यानं. तुम्ही नाही. आणि नोमानची चावी खरी होती, हे मी कागदावर लिहून देते. कुणी काढणार नाही ती."

साजियानं मान हलवली. ते तिला पोचलं होतं, पण ती दुसरंच काही मोजत होती.

"मॅडम, दाब खाली यायला किती वेळ लागतो?"

"पंधरा सेकंद."

"अन् चावी त्यांच्या मुठीतच व्हती."

"हो."

"दुसरी हाये, हे त्यांना ठावंच नव्हतं." तिचा आवाज आता पहिल्यांदा फुटला. "मंग ते पंधरा सेकंद त्यांना हेच वाटलं असंल ना, की आपलीच चावी फसली?"

दैवशालाबाईंनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. त्या तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिल्या.