पात्याला हात लावण्याआधी

बोईसरच्या वखारीत गोल करवतीवर जिवल्या मेला, आणि चहा निवायच्या आत तो दारुडाही ठरला. मेलेल्याच्या नावावर काहीही खपवावं, तो थोडाच उठून नाही म्हणणार!

फौजदार सावे पोचले तेव्हा प्रेत दवाखान्यात गेलं होतं. करवतीचं नवं पातं अर्धवट बसवलेलं होतं. नट सैल.

"नशेत स्वतःच करवत चालू केली, आणि पात्यात हात घातला," मालक म्हणाले. "मिस्त्रीनंच सांगितलं."

विजेचा बोर्ड ओंडक्यांच्या थप्पीमागे होता. तीन बटणं, वर फ्यूजची तीन घरं. खाली खडूनं लिहिलेलं: करवत, दिवे, चाक. तिसरं घर रिकामं.

"पातं बदलताना फ्यूज काढायचा, हा आमचा नेम हाय," नामदेव मिस्त्री म्हणाला. नवापूरचा माणूस, वखारीत जुना. "जिवल्यानं नाय काढला. बगा, करवतीचा फ्यूज जागेवरच हाय."

"तू कुठे होतास?"

"चाकावर. जुन्या पात्याला धार लावत होतो. किंकाळी आली तसा धावलो."

"चाक चालू होतं?"

"चालू नाय तर धार कशी लागंल?"

दाराशी जिवल्याची बायको बुधी बसली होती. मासवणहून आलेली, मांडीवर दवाखान्यातून मिळालेलं नवऱ्याच्या कपड्यांचं गाठोडं.

"सायेब, तो प्याला नवता. गावात म्हनतील, बुधीचा दादला ताडी पिऊन मेला. माजी पोरं ह्येच ऐकत वाडतील?"

"गाठोडं सोडतेस, बाई?"

तिनं पंचा उलगडला. कनवटीला गाठ मारलेली होती. गाठीतून पांढरा, चिनीमातीचा फ्यूज निघाला. नामदेवनं मान फिरवली.

"मिस्त्री, फ्यूज काढून कुठे ठेवता तुम्ही?"

उत्तर मालकांनी दिलं, "कनवटीला. दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून."

"म्हणजे जिवल्यानं काढला होता," सावे म्हणाले. "मग बोर्डावर करवतीच्या घरात आहे तो कुठला?"

त्यांनी चाकाचं बटण दाबलं. चाक हललंसुद्धा नाही.

"ह्या बंद चाकावर धार लावत होतास? चाकाचा फ्यूज काढून तू करवतीला लावलास, बटण दाबलंस, तेव्हा जिवल्या थप्पीपलीकडे नट आवळत होता. माणसं धावत आली, म्हणून त्याच्या कनवटीपर्यंत तुझा हात पोचला नाही. मग त्याच्या तोंडात दारू ओतलीस, नुसत्या शब्दांनी!"

नामदेव ओंडक्यावर बसला.

"भावाच्या होडीच्या फळ्या कापायच्या रखडल्या होत्या, साहेब. करवतीचं घर रिकामं दिसलं. वाटलं, फ्यूज उडाला असंल, कुनी तार भरायला नेला. थप्पीपलीकडं बगितलं नाय. एक हाक मारायची होती, तेवढी बी नाय मारली."

"आणि नंतर?"

"नंतर भ्यालो." तो बुधीकडे बघू शकला नाही. "बाय, मीच शिकवलं होतं त्याला. आदी फ्यूज कनवटीला, मंग पात्याला हात."

बुधीनं फ्यूज उचलून पदरात घट्ट बांधला.

"त्यानं पाळलं," ती म्हणाली. "आता चला, मिस्त्री, मासवनला. ज्या तोंडानं त्याला दारुडा म्हनलात ना, त्याच तोंडानं माज्या पोरांना ह्ये सांगा."