दांडीवरच्या खुणा

"काकांनी टाकी कमी भरली म्हणून बाबा गेले, असं आजी म्हणते. पोटच्या मुलाला ती घरात घेत नाहीये," मुलगी म्हणाली. "खरं काय ते शोधून द्या."

नव्वद वर्षांपूर्वी एका वैमानिकाने डोंगररांगेपलीकडे केलेलं लांबचं उड्डाण तिचे बाबा तसल्याच जुन्या विमानातून पुन्हा करत होते. मुक्काम अर्ध्या तासावर असताना विमान कोसळलं. टाकी कोरडी होती.

"इंधनाचा काटा नव्हता?" गुप्तहेर बाईंनी विचारलं.

"जुन्यात नव्हता, म्हणून बाबांनीही बसवला नाही. टाकीत लाकडी दांडी बुडवून बघायचं. आधीची मोडली. नवी केली तेव्हा लिटर-लिटर ओतून माझ्या हातांना आठवडाभर पेट्रोलचा वास येत होता."

"घातपात," बाईंचा जोडीदार पुटपुटला. हा निवृत्त फोटोग्राफर. याला साध्या सर्दीतही विषप्रयोग दिसतो.

हँगरमध्ये काका हत्यारं पुसत बसले होते. विमानाचे मेकॅनिक तेच.

"खुणा मीच केल्या, सोमवारी. लिहून घ्या आणि मिटवा."

भिंतीवर विमानाचा फोटो होता. नाक वर, शेपूट जमिनीलगत, टाकीचं तोंड तिच्या मागच्या टोकाला. फोटोग्राफरने फक्त उजेडाचं कौतुक केलं.

पेट्रोलवाला बोलका निघाला. "जास्त भरलं तर वजनाने डोंगर ओलांडवत नाही, म्हणून मोजूनच भरायचं. साहेबांनी स्वतः दांडी बुडवली, ठरल्या खुणेपर्यंत भिजली. पुरे म्हणाले."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी काका दिवसभर माझ्याबरोबर शहरात. शेपटीचं चाक दुरुस्तीला नेलं होतं. इकडे शेपूट उचलून लाकडी घोडीच्या टेकूवर ठेवलेली."

संध्याकाळी बाईंनी काका-पुतणीला हँगरमध्ये बसवलं.

"टाकी कोणी कमी भरली नाही. दांडीच चुकीची होती. विमान उभं असताना शेपूट खाली असते, पेट्रोल मागे सरकतं, आणि दांडी मागूनच जाते. तिथे ती जास्त भिजते. खुणा केल्या तेव्हा मात्र शेपूट घोडीवर होती, टाकी सपाट होती. उड्डाणाच्या दिवशी दांडीने आहे त्यापेक्षा जास्त दाखवलं."

"म्हणजे चूक काकांचीच," फोटोग्राफर म्हणाला.

"ते सोमवारी इथे नव्हते."

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा म्हणाले होते, खुणा तुझ्या हातच्या असू देत."

"तुला कोणी विचारलंय का?" काकांचा आवाज फाटला. "परत आल्यावर मी तपासायला हवं होतं. चाक बसवलं आणि विसरलो. माझीच चूक आहे, बाळा."

दोघंही रडत होती. खरं शोधून काढल्याचं बाईंना वाईट वाटलं. "काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून हे कुठे जाणार नाही."

काकांनी नको म्हणून मान हलवली. मुलीने तरी फोन लावला.

"आजी, दांडीवरच्या खुणा मी केल्या होत्या. काकांनी नाही."

पलीकडून आजीने विचारलं, "तुम्ही दोघं जेवलात का?"