पाच नंबर मोकळा नाही

जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड बसवणं म्हणजे भरल्या घरात पाहुणा उतरवणं. मुख्य चिपला हाक मारायला प्रत्येक कार्डाला एक नंबर लागतो. नंबर मोजून सोळा, त्यातले बहुतेक आधीच कुणी ना कुणी बळकावलेले. एका नंबरवर दोघं बसले की चिपला कळत नाही कोण बोलतंय. मग एक चालतो, दुसरा मुका होतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पंचवीस वर्षं हे गिऱ्हाइकांना सांगून माझी जीभ झिजली आहे.

हे मशीन मात्र गिऱ्हाइकाचं नव्हतं, माझ्या दादाचं होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर त्याने वहिनींसाठी स्वतःचा आवाज त्यात भरून ठेवला. मग वर्षभर कागदावर लिहून बोलला, आणि गेला. पुढे साउंड कार्ड जळालं. आवाज वाजवणारा प्रोग्रॅम महाहट्टी, त्याला तसलंच कार्ड हवं आणि तेही पाच नंबरवर. ते शोधायला मला आठ महिने लागले.

"भाऊजी, आज होईल ना?" वहिनींनी विचारलं. "चेहरा डोळ्यांसमोर येतो हो. आवाजच आठवेनासा झालाय."

"अर्ध्या तासाचं काम," मी म्हटलं. फुशारकी मारायला मला कुणी शिकवायला नको.

रविवारची दुपार होती. टेबलावर ऊन होतं. कव्हर काढलं, धूळ फुंकली. कार्डावर नंबर ठरवणारी मसुराएवढी टोपी असते, ती पाचच्या पिनांवर चढवली आणि कार्ड खाचेत दाबलं. मशीन चालू केलं. पडद्यावर यादी आली: पाच नंबर, वापरात. कार्ड गप्प.

अशा वेळी सगळी कार्डं काढायची आणि एकेक परत लावायचं. चोर सापडतोच. मोडेम काढला, नेटवर्कचं कार्ड काढलं, शेवटी साउंड कार्डही. मुख्य बोर्डावरची पोर्टं मशीनच्या सेटअपमधून बंद केली. खाचा सगळ्या रिकाम्या.

पाच नंबर, वापरात.

साउंड कार्ड परत लावून बघावं म्हणून टोपी सातवर चढवली. पाच मोकळा झाला आणि सात वापरात आला, कार्ड मात्र मुकंच. दहावर नेली, तर दहा. जिथे आवाज जाईल, तिथे कुणीतरी आधीच जाऊन बसलेलं.

"तिथे कोण आहे?" वहिनींनी हळूच विचारलं.

"कुणी नाही. बोर्ड म्हातारा झालाय." मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. "आज राहू दे का, वहिनी?"

"एकदाच, भाऊजी. परत नाही मागणार."

मोकळा नसलेला नंबर जबरदस्तीने कुणाला द्यायचा नाही, हा माझाच नियम. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. टोपी पाचवर आणली. सेटअपमध्ये पाच नंबर साउंड कार्डासाठी राखीव केला आणि सेव्ह केलं.

मशीन अडकायला हवं होतं. अडकलं नाही.

स्पीकर खरखरला. मग दादा बोलला. तोच तो, किंचित घोगरा.

"अगं, ऐकतेयस ना?"

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

"ऐकतेय," स्पीकर म्हणाला. दादाच्या आवाजात.

वहिनींनी गळ्याला हात लावला. ओठ पुन्हा हलले.

"अहो, किती दिवसांनी," दादाचा आवाज म्हणाला.

मी बटणाकडे झेपावलो. वहिनींनी माझं मनगट धरलं. त्या रडत होत्या आणि हसत होत्या.

"राहू द्या, भाऊजी," दादाच्या आवाजात आलं.

जन्मात दादाने मला भाऊजी म्हटलं नव्हतं.

मशीन त्यांनी अजून बंद केलेलं नाही. मी रोज फोन करतो. त्या रिसीव्हर स्पीकरजवळ धरतात. कशा आहात, मी विचारतो. दादाचा आवाज सांगतो, "भाऊजी, मी बरी आहे."

काल तो म्हणाला, "मी बरा आहे रे."