स्वयंपाकघरातली भेग

हवा मोजणं हे तिचं काम होतं. खाण बंद पडली तरी खाली कोळशात अडकलेला मिथेन वर यायचा थांबत नाही, मिळेल त्या फटीतून वाट काढतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत साचत गेला की एक ठिणगी पुरते. म्हणूनच जुन्या खाणीवरच्या वसाहतीतली घरं एकेक करून रिकामी केली होती. शेवटच्या रांगेतलं टोकाचं घर तेवढं राहिलं होतं. तिथल्या मावशी हलायला तयार नव्हत्या.

"तुम्हीच बोलून बघा, मॅडम," गाडी लावता लावता ड्रायव्हर म्हणाला. "आधीच्या साहेबांना त्यांनी चहा पाजला आणि गोड बोलून वाटेला लावलं."

मावशी सत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या होत्या. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. "ये. चपला राहू दे पायात, फरशी गार आहे," म्हणत त्यांनी तिला थेट स्वयंपाकघरातच नेलं. लख्ख पुसलेला ओटा, खिडकीशी दोन खुर्च्या, आणि मोरीपासून ओट्याच्या पायापर्यंत गेलेली एक भेग. एका टोकाला केसाएवढी, दुसऱ्या टोकाला बोट जाईल इतकी. भेगेच्या कडा कुणीतरी रोज पुसत असावं, इतक्या स्वच्छ होत्या.

"ही बुजवली नाहीत?"

"छे," मावशी म्हणाल्या आणि वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात गेल्या.

तिने गुडघे टेकून मीटर भेगेजवळ धरला. आकडा चढू लागला. एक टक्का, दोन, चार. मीटर किंचाळायला लागला. ती खिडकी उघडायला उठली, तेवढ्यात मावशी आत आल्या, कपडे खुर्चीवर टाकले आणि सवयीने काडेपेटी उचलली.

"मावशी, काडी नको—"

काडी पेटलीसुद्धा. शेगडीची निळी ज्योत शांतपणे उभी राहिली. हातातला मीटर गप्प झाला होता. आकडा शून्यावर होता.

मीटर बिघडला असेल म्हणून तिने गाडीतून दुसरा आणला. त्याचंही तेच. पुढचे काही दिवस ती रोज येत राहिली. मावशी घरात असल्या की शून्य. त्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेल्या की आकडा चढायचा. ड्रायव्हरला खुर्चीत बसवून पाहिलं, तरी चढला. ती स्वतः बसली, तरी चढला. वारा म्हणावं, तर दारं-खिडक्या चिकटपट्टी लावून बंद केल्या, तरी तेच. बाहेरच्या हवेचा दाब घटला की जुन्या खाणी वायू बाहेर टाकतात, हे तिला ठाऊक होतं. पण दाब मावशींच्या येण्याजाण्यावर कसा घटेल? एकही कारण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं नाही.

"मावशींना बघून गॅसपण लाजतो," ड्रायव्हर म्हणाला, पण पुन्हा काही तो आत आला नाही.

शेवटी तिने मावशींनाच विचारलं.

"खाली ते आहेत ना," मावशी म्हणाल्या. मालक कामावर गेलेत म्हणावं, इतक्या सहज. "खाली आग लागली होती. हवा तोडल्याशिवाय विझेना, म्हणून तो भाग भिंत घालून बंद केला. सगळे बाहेर आले असं वाटलं होतं. हे आले नव्हते." कपाची कड त्यांनी पदराने पुसली. "लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं गं. मग भेग पडली, तेव्हा कळलं. मी घरात असले की ते श्वास सोडतच नाहीत. मी बाजारात गेले की घेतात बिचारे उरकून."

तिने कप खाली ठेवला आणि वहीत त्या दिवसाचा आकडा लिहिला. शून्य.

पण भेग वाढत होती. महिन्याभरात ओट्याचा एक पाय खचला. एका दुपारी मावशी खिडकीशी शेंगा सोलत बसल्या असताना तिने भेगेशेजारी तळहात टेकला. फरशी थरथरत होती. बारीक, सलग. पाण्याखाली फार वेळ राहिलेल्या माणसाची छाती थरथरते तशी.

"मावशी," तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांना किती दमायला होत असेल."

मावशींचे हात थांबले.

"मी हा विचारच केला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, मी त्यांना सोबत करतेय."

दुसऱ्याच आठवड्यात त्या भाचीकडे राहायला निघाल्या. सामान गाडीत चढल्यावर त्यांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. दारातून तिला दिसलं, मावशी भेगेशी मांडी घालून बसल्या होत्या आणि फरशीवर हात फिरवत काहीतरी सांगत होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. "चल," म्हणाल्या. "आता मोकळा होऊ दे जीव."

घर पाडलं. भेगेच्या जागी खोल भोक पाडून गॅस बाहेर सोडायला उंच लोखंडी पाइप उभा केला, भोवती जाळीचं कुंपण घातलं. पहिले आकडे ड्रायव्हरने फोनवर कळवले. मिथेन भरभरून येत होता. इतका, की यंत्र बसवून तो कामाला लावायचं घाटत होतं.

मग ती स्वतः मोजायला गेली.

पाइपशी पोचली आणि मीटर शून्यावर आला.

ती कुंपणापर्यंत मागे सरली. आकडा चढला. पुन्हा जवळ गेली. शून्य.

"मॅडम, मघाशी चांगला येत होता हो," ड्रायव्हर म्हणाला. मग त्याने तिच्याकडे, मग पाइपकडे बघितलं. "मी गाडी चालू करतो," म्हणून तो निघाला.

तिने तिथूनच मावशींना फोन लावला. भाचीने उचलून त्यांना दिला.

"मावशी, मी इथे पाइपजवळ आहे. तो—" तिने पुन्हा आकड्याकडे पाहिलं. "माझ्यासाठीपण थांबतो."

"हो," मावशी म्हणाल्या. आवाजात माया होती. "निघताना सांगून आले होते. पोर एकटी येते-जाते, तिला जपा म्हटलं."

तिने पाइपवर हात ठेवला. लोखंड बारीक थरथरत होतं.

"ऐकतेस ना? फार वेळ उभी राहू नकोस, बाई," मावशी म्हणाल्या. "त्यांना त्रास होतो."

तिने फोन ठेवला. मीटर बंद केला. घाई न करता कुंपणाचं दार ओढून घेतलं आणि चालू लागली. समोर, लांबवर, ड्रायव्हर गाडीत बसलेला दिसत होता. दुसरं कुणी नव्हतं.

मागे पाइपातून लांबलचक श्वास सुटला.

आणि त्यामागून, तिला ऐकू जाऊ नये म्हणून दाबलेला, बारीक खोकला.